भट्टीवरची खूण

घरांचा दलाल अल्लालनं खिडकी उघडली आणि मोरोक्कोतल्या लराश गावचा समुद्र सबंध खोलीत आला. मुहा बघतच राहिला. त्याची बायको इत्तो मात्र खिडकीकडे पाठ करून उभी.

"गल्लीची भट्टी कुठंय?" तिनं विचारलं.

"वहिनी, लोक आधी पाणी विचारतात, शाळा विचारतात."

"तेही विचारीन. आधी भट्टी."

मुहानं दलालाकडे बघून मान हलवली. "असीलातलं घर हिनं याच पायी नाकारलं. तिथल्या भट्टीला कुलूप. म्हणे, बाया जिथं रोट भाजायला जमत नाहीत, तिथं मी बोलू कुणाशी? भिंतीशी?"

"तू जाशील ट्रक घेऊन," इत्तो म्हणाली. "भिंतीशी मलाच बोलायचंय."

ते उतरले होते त्या सराईत तिनं सकाळीच कणीक मळून ठेवली होती. दुपारी तिचे गोल रोट थापले, प्रत्येकावर तीन बोटं दाबली, जशी अझरूच्या डोंगरात तिची आई दाबायची. फळीवर फडकं टाकलं, फळी डोक्यावर घेतली आणि ती गल्लीत शिरली.

भट्टीपुढे बाया आपापल्या फळ्या घेऊन बसल्या होत्या. तिला बघून बोलणं थांबलं.

"कुणाकडची गं?"

"अजून कुणाकडचीच नाही. घर बघायला आलेय."

"डोंगरातली दिसते. तिकडं समुद्र नाही म्हणून आमचा न्यायला आली असेल."

"समुद्र ठेवा तुमचा तुम्हाला. इथल्या बाया फार खारट असतात म्हणे, तेवढं चाखायला आले."

एक हसली, मग दुसरी. इत्तोला सरकून जागा झाली.

पाळी आली. भट्टीवाल्यानं फडकं उचललं आणि लांब दांड्याचं लाकडी फावडं तसंच हातात धरलं. "ही खूण नाही चालायची, बाई. तीन बोटं लाल्ला बतूलच्या घरची. आत गेले की सगळे रोट सारखेच. ओळखायचे कसे?"

सगळ्याजणी बाकावरच्या म्हातारीकडे बघू लागल्या.  इत्तोनं रोटांवर हात आडवा धरला.

"आईची खूण आहे. पुसवत नाही. मी फळी परत नेते."

लाल्ला बतूल गुडघ्यांवर हात टेकत उठली. "माझ्या सासूची आहे. मग मी पुसू?"

"नको, लाल्ला."

म्हातारी वाकली. रोट जवळून बघितले. "चांगली खोल दाबतेस. मुलं?"

"दोन मुली."

"नवरा?"

"ट्रकवर असतो."

"म्हणजे नसल्यात जमा."

बाया पुन्हा हसल्या. इत्तोही हसली, पण हात तिनं काढला नव्हता. म्हातारीनंच तो अलगद बाजूला केला. आपली करंगळी पिठात बुडवली आणि एकेका रोटावर, तीन खळ्यांच्या शेजारी, चौथी उमटवली.

"तीन दोघींच्या. ही माझ्याकडून तुला. टाक रे आत."

"आणि तरी अदलाबदल झाली तर?" इत्तोनं हळूच विचारलं.

"तर भांडायला ये. भांडता येतं ना?"

"येतं की."

"मग झालं. माझ्या सुनेला येत नाही. दिवस जाता जात नाही."

संध्याकाळी मुहा मुलींना घेऊन धक्क्यावर बसला होता. इत्तो आली, फळीवर वाफाळते रोट. मुलींनी हात पोळवत तुकडे तोडले.

"असीलाचं असीलात राहिलं," मुहा म्हणाला. "इथंही नसेल पटलं तर दलालाला आत्ताच सांगतो. ताटकळत बसलाय बिचारा. काय सांगू?"

इत्तो तोंडातला घास सावकाश चावत होती.

"पीठ संपलं," ती म्हणाली. "बाजार मिटायच्या आत घेऊन ये."

"किती? किलोभर?"

"पोतं आण."