नुसता गूळ

गावाला हवेतून पाणी काढून देणाऱ्या मशीनच्या पडद्यावर तिसऱ्या दिवशीही तेच होतं: हवेत ओलावा नाही.

"बिघाड नाही, बाई," जिल्ह्याहून आलेले इंजिनियर दाभाडे सिमेंटच्या गोल ओट्यावर टेकत म्हणाले. "पश्चिमेला शहराने अशीच चारशे मशीनं लावलीत. वारा तिथूनच कोरडा होऊन येतो. तुम्ही दुसरा स्रोत वापरा."

दुसरा स्रोत आणायचा कुठून, सरपंच द्वारकाबाईंच्या मनात आलं. एका गावाला एकच स्रोत. मशीन हवं तर विहीर बुजवा, ही यांच्याच सहीची अट होती. दर चैत्रात गाळ काढून जपलेली विहीर गावाने स्वतःच्या हातांनी बुजवली होती. पलीकडच्या शेलगावाने अट धुडकावली, तेव्हा याच साहेबांनी त्यांना अडाणी म्हटलं होतं. तिथला रहाट आजही फिरत होता.

दारी आलेल्याला गूळपाणी द्यायची गावाची रीत. द्वारकाबाईंनी गुळाची वाटी पुढे केली. दाभाड्यांनी खडा तोंडात टाकला आणि पाण्यासाठी हात पुढे केला.

"पाणी तुमच्या बुडाखाली आहे, साहेब," द्वारकाबाई म्हणाल्या. "विहिरीवरच बसलाय तुम्ही. घ्या काढून."