टेकू निघाले तेव्हा

"आता बाजूला हो," अमोस पेल म्हणाला.

रोवेना हलली नाही. हॅल्डन हॉलच्या मोठ्या जिन्याखाली, लाकडी टेकूंच्या मधोमध ती उभी होती. डोक्यावर दगडी पायऱ्या भिंतीला धरून गोल वळत थेट घुमटापर्यंत चढल्या होत्या. खाली ना खांब, ना तुळई. प्रत्येक पायरीचं एक टोक भिंतीत रोवलेलं, बाकी भार खालच्या पायरीवर. इंग्लंडच्या जुन्या जॉर्ज राजांच्या काळापासून हा जिना असाच अधांतरी उभा होता. यंदाच्या हिवाळ्यात एक पायरी तडकली. तिच्या जागी बसवलेली नवी पायरी रोवेनाची. बापाचा हात न लागलेलं तिचं पहिलं काम.

"ज्यानं पायरी बसवली, त्यानं टेकू काढताना खाली उभं राहायचं. तुम्हीच शिकवलंत ना, बाबा?"

"तेव्हा तुला पोर नव्हतं. मी राहतो उभा. गुडघे तसेही गेलेत, डोकं गेलं तर काय बिघडलं?"

"मग सगळे म्हणतील, पायरी अमोसची. तुम्ही मेझीला घेऊन दारापाशी थांबा. आणि तिच्या तोंडात काय आहे ते बघा, खडा असेल."

"बिस्किट आहे गं बाई!"

डेनिस सुताराने टेकूंखालच्या पाचरी ठोकून सैल केल्या. एकेक टेकू निघाला. हल्ली रात्री मेझीचा श्वास चालतोय ना, हे बघायला रोवेना उठायची आणि मग या पायरीच्या काळजीत तशीच जागी राहायची. शेवटचा टेकू निघाला. वर दगडात कट्‌ असा आवाज झाला. तिचे हात आपसूक डोक्याकडे गेले; तिने ते मुद्दाम खाली घेतले.

मग सगळं शांत झालं. दगडाने भार घेतला होता.

अमोस जवळ आला. हात उंचावून नव्या पायरीच्या सांध्यावरून त्याने नख फिरवलं. मेझीला कडेवर घेऊन तो सरळ जिना चढू लागला.

"बाबा, तिला घेऊन नको! आधी मी—"

"तू जागची हलू नकोस."

नव्या पायरीवर येऊन त्याने नातीला खाली ठेवलं.

"मार उड्या."

रोवेनाच्या डोक्यावर इवलेसे बूट धपधप वाजू लागले.

"आणखी जोरात, मेझी!" म्हातारा वरून ओरडला. "तुझ्या आईची पायरी आहे ती!"