मागून येणारा

भोंग्याचा पाय मोडला याचं पेंटरला वाईट वाटलंच. पण आपल्याशिवाय मोडला, याचं जास्त वाटलं.

वॉर्डाच्या दारात सिस्टरनं त्याची पिशवी तपासली. सफरचंदं, पेन्सिल, दोन ब्रश, काळ्या ऑइलपेंटचा छोटा डबा आणि ‘टर्पेंटाइन’ अशी चिठ्ठी डकवलेली बाटली.

“हे कशाला आणलंत?”

“इथून कामावर जायचंय. ट्रक रंगवतो मी.”

वास नको म्हणून सिस्टरनं बाटली उघडली नाही, हे बरं झालं. बाटलीत टर्पेंटाइन नव्हतं. पंधरा वर्षं भोंग्याची दारू पेंटरच्याच पाठीवरून डोंगर चढली होती. भोंग्याच्या स्वतःच्या सॅकमध्ये फक्त ग्लास असायचा. माथ्यावर पोचला की तो गाणार, वाऱ्याशी भांडणार, पायथ्याच्या गावाची झोप मोडणार, आणि सकाळी दारोदार माफी मागत फिरणार तो पेंटर. दर वेळी उतरताना पेंटर शपथ घ्यायचा की पुन्हा या माणसाबरोबर डोंगराचं चित्रसुद्धा बघायचं नाही. शपथ साधारण आठवडाभर टिकायची. या वेळी ती दहा दिवस टिकली, आणि तिथंच घात झाला. नवव्या दिवशी भोंगा दुसऱ्याच कुणाला तरी घेऊन गेला.

तो दुसरा कुणीतरी आता पलंगाच्या पायथ्याशी स्टुलावर बसला होता. दाताचा डॉक्टर. पायात चढाईचे नवेकोरे बूट, हॉस्पिटलातसुद्धा.

“चाळीस फूट,” भोंगा सांगत होता. आजूबाजूच्या सहा खाटा कान देऊन ऐकत होत्या.

“सकाळी पंधरा होते,” सफरचंद हातात घेत वहिनी, म्हणजे भोंग्याची बायको, म्हणाली. “आणि कडा तर हे चढून धड खाली आले. पडले ते जीपमधून उतरताना.”

“जीप उंचावर उभी होती,” भोंगा म्हणाला.

अख्खा वॉर्ड हसला. दाताचा डॉक्टर इतरांच्या किंचित आधी हसला, पुढचं वाक्य पाठ असल्यासारखा. ते आधी हसणं पंधरा वर्षं पेंटरचं होतं.

“भावजी, तुम्ही असता तर हे झालं नसतं,” वहिनी म्हणाली.

पेंटरची छाती इंचभर फुगली.

“खरंय,” भोंगा म्हणाला. “हा असता तर एक ढग बघून आम्ही घरीच बसलो असतो.”

छाती जागेवर आली.

पेंटरनं पिशवीतली बाटली अर्धवट वर काढून दाखवली. भोंग्यानं नुसतं उशाकडे बोट केलं. तिथं माउथवॉशची मोठी बाटली होती, अर्ध्याखाली उतरलेली.

“दिवसातून चार वेळा चूळ भरायला सांगितलीय,” दाताचा डॉक्टर तोंडावरची सुरकुती न हलवता म्हणाला.

“थुंकायला मात्र सांगितलं नाही,” भोंगा म्हणाला.

पेंटरनं आपली बाटली पुन्हा पिशवीत सारली. मग त्याचं लक्ष प्लास्टरकडे गेलं. पावलावर टॉवेल टाकलेला. तिथून वर थेट मांडीपर्यंत सह्याच सह्या. कुणी फूल काढलं होतं, कुणी डोंगर. गुडघ्यावर, अगदी मोक्याच्या जागी, दाताच्या डॉक्टरची सही होती, औषधाच्या दुकानातच वाचता यावी अशी. अर्ध्या शहराच्या पाट्या पेंटरच्या हातच्या, आणि इथं त्याला नखाएवढी जागा उरली नव्हती.

“प्लास्टर निघालं की मोठा सुळका करायचा ठरलाय,” दाताचा डॉक्टर म्हणाला. “दोराचं मी बघणारे. तुम्हीही या की. खाली सामानापाशी कुणीतरी लागतंच.”

पेंटर उठला. “निघतो. ट्रकवाला खोळंबलाय.”

“बस खाली,” भोंगा म्हणाला.

“स्टूल एकच आहे.”

“स्टुलावर कोण बस म्हणतंय? फरशीवर बस. अगं, तो टॉवेल काढ.”

वहिनीनं टॉवेल काढला. प्लास्टरचा तळवा पांढराशुभ्र होता. टिंबसुद्धा नव्हतं.

“हिनं मागितला, सिस्टरनं मागितला, यानं तर दोनदा मागितला. कुणाला हात लावू दिला नाही. पंधरा वर्षं वर चढताना तुझ्या नाकासमोर काय होतं? हाच ना? मग जागा तुझीच.”

पिशवीतला ब्रश सापडायला पेंटरला नको तितका वेळ लागला.

“पण तळव्यावरचं वाचणार कोण?” दाताच्या डॉक्टरनं विचारलं.

“मागून येणारा,” भोंगा डोळे मिटून म्हणाला.

स्टूल आणि पलंग यांच्यामध्ये पेंटर मांडी घालून बसला. आधी त्यानं पेन्सिलीनं दोन रेघा आखल्या, मग ब्रश डब्यात बुडवला. सिस्टर येऊन बघून गेली. वहिनीचं सफरचंद कापून झालं, वाटून झालं, तरी याचं संपेना.

“एवढं काय लिहिताय भावजी? नाव तर तुमचं तीन अक्षरी.”

“नाव नाही लिहीत,” पेंटर म्हणाला, आणि बाजूला सरकला.

तळव्यावर, ट्रकच्या मागच्या फळीवर असतात तशा ठसठशीत अक्षरांत, दोन शब्द होते: अंतर ठेवा.

दाताच्या डॉक्टरनं ते दोनदा वाचलं, आणि स्टूल वीतभर मागे घेतलं.