मंगळवारचा रक्तदाब

“एकशे वीस, ऐंशी,” औषधांच्या दुकानातली बाई म्हणाली आणि म्हाताऱ्याच्या दंडाचा पट्टा सोडू लागली.

“जरा पुन्हा सांगता?”

ऐकू कमी येत असावं असं समजून तिने आकडे मोठ्याने सांगितले. अगदी उत्तम आहे, काळजीचं कारण नाही, असंही सांगितलं. म्हाताऱ्याने बाही खाली ओढली आणि पुढच्या मंगळवारी येतो म्हणाला.

आला. त्याच्या पुढच्या मंगळवारीही आला. दर वेळी आकडा तोच, फार तर दोन-चार इकडेतिकडे. तिने मनातल्या मनात त्याचं नाव ‘एकशेवीस’ ठेवून टाकलं.

रक्तदाब मोजायला बरेच जण येत, पण ते मोजून झालं की निघत. एकशेवीस रेंगाळायचा. दुपारी दुकान बंद ठेवता का, जेवण झालं का, असलं काहीबाही विचारायचा. ती एका शब्दात उत्तर देई. सहा वर्षं अंथरुणाला खिळलेल्या आईचं सगळं केलं, आणि आई गेल्यावर तिची बोलायची सवयच मोडली. दुकानात गोळी जेवणाआधी की नंतर एवढं सांगायचं. घरी तर तेही नाही. दुसऱ्या शहरातून बहिणीचा फोन येई, तो वाजून वाजून आपोआप थांबे.

एका दुपारी एकशेवीस म्हणाला, फ्रिजचा आवाज बदललाय, मोटर बघून घ्या. तिला काहीच वेगळं ऐकू येत नव्हतं. पण मेकॅनिकने उघडून पाहिलं तर मोटर खरंच जायच्या बेतात होती. सगळं इन्सुलिन वाचलं.

म्हणजे याचे कान तर आपल्यापेक्षा तिखट. मग पहिल्या दिवशी याने आकडे दोनदा कशाला ऐकले?

तिने औषध कंपनीच्या प्रतिनिधीला सहज विचारलं. तो शहरातली सगळी दुकानं फिरायचा. त्याला हसूच आलं. हे काका दुकानादुकानांतून रक्तदाब मोजत फिरायचे म्हणे. प्रत्येक ठिकाणी एकदाच. आकडा ऐकायचा, आभार मानायचे, की पुन्हा त्या दुकानाचं तोंड बघायचं नाही.

“तुमच्याकडेच काय ते चिकटलेत,” तो म्हणाला.

आजाराची धास्ती घेतलेली माणसं तिने पुष्कळ पाहिली होती. हा त्यातलाच. घरी विचारपूस करणारं कोणी नसेल, म्हणून जीव लावायला एक दुकान शोधलं असेल. तिला त्याची कणव आली. तिने काउंटरच्या आत आणखी एक खुर्ची टाकली. मंगळवारी एकाच्या जागी दोन चहा सांगू लागली. बिचाऱ्याला तेवढीच सोबत, म्हणून स्वतःहून बोलूही लागली. आधी दुकानाबद्दल, मग आईबद्दल. आईने शेवटच्या वर्षात तिला ओळखणं सोडलं होतं, हे तिने बहिणीलाही कधी सांगितलं नव्हतं. ते त्याला सांगितलं. तो डोळे मिटून ऐकत होता.

त्या दिवशी जाताना त्याने पट्टा तिच्यापुढे धरला. “आज तुमचं मोजू.”

एकशे सत्तर, एकशे दहा. रोज शंभर जणांना सल्ला देणाऱ्या बाईने स्वतःचा रक्तदाब दीड वर्षात पाहिला नव्हता. तिने दुकान लवकर बंद करून डॉक्टरांकडे निघेपर्यंत तो दुकानाच्या पायरीवर बसून राहिला.

गोळी सुरू झाली. सकाळचं चालणं सुरू झालं. एका रविवारी तिने बहिणीचा फोन उचलला आणि दोघी तासभर बोलल्या, निम्मा वेळ रडण्यात गेला. आता दुपारच्या जेवणाचा डबा भरलेला घरी परत जात नव्हता. झोप लागत होती. तीन महिन्यांनी तिचा आकडा एकशे तीसवर आला.

मग एकदा एक तरुण बाई खोकल्याचं औषध न्यायला आली आणि म्हणाली, आमच्या सासऱ्यांचं मंगळवारचं दुकान हेच ना? घरी मशीन आहे, मीच आणून दिलंय, पण त्यांनी खोकंही फोडलं नाही. बोलताबोलता कळलं की घरात सात माणसं आहेत, आणि संध्याकाळी मित्रांची बैठक भरते ती वेगळीच. ते एकटे असतात का, असं हिने विचारलं, तर सून हसतच सुटली.

पुढच्या मंगळवारी तिने पट्टा हातात घेतला, पण बांधला नाही.

“काका, तुम्हाला काही झालेलं नाही. घरी मशीन आहे, भरलेलं घर आहे. मग इथं कशासाठी येता?”

त्याने वर केलेली बाही पुन्हा खाली ओढली.

“हे सांगणं नियमात बसत नाही,” तो म्हणाला. “या शहरापुरती एक संस्था आहे. ज्यांना जगणं नकोसं झालंय ते तिथे फोन करतात. मी आठवड्यातून दोन दुपारी तिथे बसतो. मागच्या वर्षी एका बाईंचा फोन आला. म्हणाल्या, दिवसभर लोकांना औषधं देते, कसं वाटतंय म्हणून विचारते, मला विचारणारं कोणी उरलं नाही. मी तोंड उघडेपर्यंत त्यांनी फोन ठेवला. ना नाव, ना पत्ता.”

तिची नजर खाली गेली.

“आवाज तेवढा कानात राहिला होता, ताई. एकोणतिसाव्या दुकानात सापडला.”