दूधभाताला एक किक

गोल समोर मोकळा होता. गोलकीपर पोरगी घसरून पडली होती आणि बॉल निकिताच्या उजव्या पायाशी होता. निकितानं मान वर केली, डावीकडं बघितलं आणि बॉल अलगद ढकलून दिला, समोरच्या संघातल्या सगळ्यात बुटक्या पोरीला.

गोविंदसरांची शिट्टी वाजली ती वाजतच राहिली.

"अवो, हे काय करून राह्यली तुमची पोरगी?" मैदानाच्या कडेला येऊन सर म्हणाले. "दुश्मनाले पास?"

निकिताचा बाप मुकेश उपड्या कॅरेटवरून उठला. भाजी हर्राशीत, म्हणजे सकाळच्या लिलावात टाकून तो तसाच मंगरूळपीरच्या या मैदानावर आला होता. शर्टाला अजून कोथिंबिरीची पानं चिकटलेली होती. "निके! डोये फुटले काय तुये?"

"ते चुकली नाही, सर," निकिताची आई शुभांगी मधेच बोलली. "तिनं दूधभाताले बॉल देला."

"कायचा दूधभात?"

आता हे कसं समजावायचं! त्यांच्या वावराकडच्या पोरांचा नेम होता तो. खेळात जे सगळ्यात लहान, ते दूधभात. त्याला बाद करायचं नाही, आणि खेळ मोडायच्या आत त्याचा पाय एकदा तरी बॉलला लागला पाहिजे, मग ते कुणाच्या का बाजूचं असेना. निकिता स्वतः दूधभात होऊनच खेळायला शिकली होती. त्या बुटकीला सकाळपासून कुणी बॉल दिला नव्हता, हे तिनं बरोबर हेरलं होतं.

सरांनी ऐकून घेतलं. मान पुसली.

"ताई, वावरात चालते हे. टीममंदी दूधभात नसते. पाय चांगला हाय पोरीचा, मी खोटं नाही बोलत. पण आज ठरवून टाका. टीम पायजे, का संडे बॅच? टीमले रोज सकायी या लागते, बाहेरगावी मॅची खेळा लागते, हारलं तं बोलणं खा लागते. संडे बॅचचं काही नाही. आले, खेळले, गेले."

"टीमच," मुकेश म्हणाला.

"अहो, मले इचारा तरी!"

"तुले काय इचाराचं त्याच्यात? दहावीत खेळाचे मार्क भेटते. पोलीस भरतीत खेळाडूची जागा राह्यते. लखीरामभाऊची पोरगी नाही लागली काय?"

"चौथीत हाय ते! दुधाचे दात पडून राह्यले अजून तिचे, अन् तुमी भरतीच्या लाइनीत उभं केलं तिले. रोज सकायी आणन कोण?"

"मी. हर्राशीले येतोच न रोज. मेथीच्या गड्ड्यावर बसन ते मांगं."

"अन् झोपन कवा?"

"गाडीवर."

सर हसले. शुभांगीला हसू आलं नाही. मैदानाच्या दुसऱ्या टोकाला संडे बॅचचा खेळ चालला होता. तिकडं गोलाच्या खांबाऐवजी चपला होत्या, खेळात एक कुत्रंही होतं, आणि एक पोरगी पोट धरून हसत मातीतच बसली होती. इकडं टीमवाल्या पोरी ओठ आवळून रांगेत उभ्या.

"ते टाइमपास होय," तिची नजर बघून मुकेश म्हणाला.

"मंग करू द्या न तिले टाइमपास! पुढं तं भांडे अन् वावर हायेच तिच्या मांगं. काही दिवस तरी..."

तिचा आवाज चढला. बाजूच्या बाया वळून बघायला लागल्या. तिला एकदम रडू फुटेलसं वाटलं आणि त्याचाच जास्त संताप आला. बरं, मनातलंही एक धड नव्हतं. पाय चांगला हाय. तिच्या पोरीबद्दल असं आजवर कुणी म्हटलं नव्हतं. ते वाक्यही तिला सोडवत नव्हतं.

"असं करू," सर घड्याळ बघत म्हणाले, "अजून थोडं खेळवतो. दूधभात बंद. गोल मारला तं टीम, नाही तं संडे बॅच. मंग मायं काही म्हणणं नाही."

त्यांनी निकिताला जवळ बोलावलं, खांदे धरून काहीतरी सांगितलं. निकितानं मान हलवली.

शिट्टी झाली. बॉल गडगडत गडगडत पुन्हा तिच्याकडंच आला. समोर ती बुटकी उभी. गुडघ्यांवर हात ठेवून, तोंडभर हसत. तिला आता बॉल येणारच होता. निकिताचा पाय थांबला.

"मार!" मुकेश ओरडला.

"मार! मार, निके, बघून काय राह्यली!"

बुटकीनं दचकून कडेला बघितलं. थेट शुभांगीकडं. तेव्हा शुभांगीला कळलं, की हा दुसरा आवाज आपलाच होता.

निकितानं मारला. बॉल गोलाच्या दोन बांबूंमधून सरळ निघून गेला.

मुकेशनं मांडीवर थाप मारली. "देखलं? देखलं, सर?"

"पक्की," सर म्हणाले आणि जर्सीचं माप विचारायला वळले.

निकिता हात वर करून धावली नाही. कुणाच्या टाळ्यांकडं तिचं लक्ष नव्हतं. गणितं सोडवून बाईंच्या टेबलापाशी जावं तशी ती आईसमोर येऊन उभी राहिली. बाहीनं नाक पुसलं.

"झालं न, आई? आता खेळाले जाऊ?"