मोगऱ्याचं स्थळ

"बाल्कनी पूर्वेला की पश्चिमेला?" मोगऱ्याची कुंडी हातातून न सोडता आमच्या ह्यांनी विचारलं.

दारात टिपणीस वहिनी पाकीट उघडून उभ्या होत्या. ह्यांच्या बागेच्या छंदातून चार पैसे सुटावेत, म्हणून सोसायटीच्या ग्रुपवर 'घरी वाढवलेली रोपं मिळतील' असं मीच टाकलं होतं. गिऱ्हाइकं येत होती, पण हे प्रत्येकाची अशी चौकशी करायचे, जणू मुलीला स्थळच सांगून आलंय. एकाच्या घरी मांजर म्हणून नकार, दुसऱ्याच्या घराला मे महिन्यात कुलूप म्हणून नकार.

टिपणीस वहिनींची बाल्कनी पूर्वेची निघाली. सासूबाई कायम घरात, पाणी त्या घालणार. ह्यांचा चेहरा खुलला. कुंडी दिली, वर खताची पुडी दिली आणि पैसे पुढे येताच दोन पावलं मागे सरले. "छे हो, घरच्या मुलीचे कुठे पैसे घेतात?"

मी कपाळावर हात मारला आणि ग्रुपवर लिहिलं, 'रोपांसाठी फक्त माझ्याशी बोलावं.'

दुसऱ्या दिवशी हे दूध आणायला गेले असताना तळमजल्यावरचे चौबळ आले. जास्वंदीकडे बोट दाखवून म्हणाले, "ही केवढ्याला?"

गेल्या वर्षी कीड लागून ही जास्वंद मरायला टेकली होती. रोज एकेक पान पुसून मी तिला जगवली होती.

"देते की," मी म्हटलं. "पण आधी सांगा, तुमच्याकडे पानं कोण पुसणार?"