पंखा नसलेली खोली

"पट्टी काळी झालीय, म्हणजे वाफ लागलीय. दिसत नाही का तुम्हाला?" हाडांच्या डॉक्टरने हत्यारांच्या पॅकवरच्या चिकटपट्टीकडे बोट दाखवलं आणि पॅक उचलायला हात पुढे केला.

वाफबाईने त्याच्याआधी पॅकवर पंजा ठेवला. "पट्टी दिसते हो. पण खालचा कोपरा चाचपून बघा. ओल आहे."

तळघरातल्या त्या खोलीत ऑपरेशनची हत्यारं धुऊन, कापडात बांधून, वाफेच्या यंत्रात घातली जायची. यंत्र तिच्या ताब्यात, म्हणून सगळं हॉस्पिटल तिला वाफबाई म्हणायचं. भिंतीला दोन फळ्या होत्या. डावीवर इंग्रजीत लिहिलं होतं 'क्लीन', उजवीवर 'स्टराइल'. धुतलेलं सगळं डावीकडे, वाफेतून पूर्ण निर्जंतुक होऊन निघालेलं उजवीकडे. आजचा हा पॅक यंत्रातून निघाल्यावर तिने पुन्हा डाव्या फळीवर नेऊन ठेवला होता. सगळा वाद त्यावरूनच पेटला होता.

"बोटाच्या पेराएवढी ओल!" डॉक्टर म्हणाला. "वर एक मास्तर मांडीचं हाड मोडून पडलेत. सकाळपासून उपाशी आहेत. दुसरा सेट शेजारच्या ऑपरेशनमध्ये अडकलाय. पाच मिनिटं पंख्याखाली धरा, वाळेल."

"इथे पंखा नाही."

खरंच नव्हता. छताला नुसता हूक होता. त्या वाफेत माणूस उभ्या उभ्या शिजून निघावा, पण तिने मोठ्या साहेबांकडे तीन अर्ज करून पंखा काढायला लावला होता. पंखा द्या म्हणणारे साहेबांनी पुष्कळ पाहिले होते, काढा म्हणणारी ही पहिलीच. बाईचा एक स्क्रू ढिला आहे, असं कॅन्टीनमध्ये खुशाल बोललं जायचं. ते तिच्या कानावर यायचं. ती घाम पुसायची आणि कामाला लागायची.

समोर लिफ्टचं दार उघडं ठेवून लिफ्टवाला स्टुलावर बसला होता. डॉक्टरला खाली त्यानेच आणलं होतं. हा गडी कधी स्टूल सोडायचा नाही. पॅक लिफ्टपर्यंत नेणं खरं तर त्याचं काम, पण ते वाफबाईच करायची. कितीही जड असो, स्वतः उचलून त्याच्या पायाशी नेऊन ठेवायची. त्यावरूनही लोकांना चेष्टेला विषय मिळाला होता. राजेसाहेब बसलेत आणि बाई ओझी वाहतेय, म्हणायचे.

"ताई," तो बसल्या जागेवरून म्हणाला, "साहेब नवे आहेत. जरा गोडीने सांग."

"गोडीनेच सांगतेय की. डॉक्टरसाहेब, ओल्या कापडातून बाहेरचे जंतू आत शिरतात. नंतर कापड वाळलं तरी ते आतच राहतात. पॅक सोडायचा, कोरड्या कापडात नव्याने बांधायचा, परत वाफ द्यायची. पन्नास मिनिटं लागतील."

डॉक्टरच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "अहो, आत लख्ख हत्यारं आहेत!"

"लख्ख आहेतच. मीच घासलीत. म्हणून तर क्लीनच्या फळीवर ठेवलीत."

"क्लीन आणि स्टराइल! आता तुम्ही मला इंग्रजी शिकवणार?"

तिची शाळा सातवीत सुटली होती. कोणी इंग्रजीत दोन वाक्यं बोललं तरी तिची बोबडी वळायची. पण हे दोन शब्द तिने पुस्तकातून घोकले नव्हते. हा माणूस तक्रार करणार, हे तिला दिसत होतं. तक्रार झाली की यंत्र हातचं जाणार आणि आपल्याला धोबीखान्यात चादरींच्या घड्या घालायला बसवणार. त्याचं तिला फारसं वाटलं नाही. पण यंत्रावर मग दुसरं कोणीतरी येईल, आणि त्याला उकडेल, आणि तो पंखा मागेल. तिला खरी भीती वाटली ती याची.

"शेवटचं विचारतो," डॉक्टर म्हणाला. "देताय, की लेखी तक्रार करू?"

"करा. पन्नास मिनिटं लागणारच."

तिने पॅक टेबलावर घेऊन पट्टी टरकन ओढून काढली आणि कापड उलगडलं. आता तो पॅक वर नेण्याचा प्रश्नच उरला नाही.

डॉक्टर बघतच राहिला. मग ओरडला, "असा काय मोठा फरक आहे हो तुमच्या दोन शब्दांत? एकदा मला कळू तरी द्या!"

तिने खाली मान घालून हत्यारं एकेक करून बाजूला ठेवायला घेतली.

लिफ्टमधलं स्टूल सरकलं. लिफ्टवाला दाराला धरून उठला आणि त्यांच्याकडे चालत यायला लागला. एक पाऊल नेहमीसारखं पडत होतं, दुसरं ठक्कन वाजत होतं. टेबलापाशी येऊन त्याने पँटचा डावा पाय गुडघ्यापर्यंत वर ओढला. खाली प्लास्टिकचा पाय होता.

"नडगी मोडली होती, साहेब. साधंच ऑपरेशन होतं. नंतर आत पू झाला, हाड सडलं आणि पाय कापावा लागला. माझ्या वेळचा पॅक क्लीन होता."

डॉक्टरने डोक्यावरची हिरवी टोपी हळूच काढली. त्याचा आवाज खाली आला. "कोणी पाठवला होता तो?"

लिफ्टवाल्याने कपाटातून एक कोरडं कापड काढलं आणि ताईसाठी टेबलावर पसरायला घेतलं. वाफबाईने मान वर करून छताच्या रिकाम्या हुकाकडे पाहिलं.

"मी," ती म्हणाली. "पंख्याखाली वाळवून."